रसद तोडली तरी गाठ का जगते?

रक्तपुरवठा तोडला की कर्करोगाची गाठ आपोआप सुकून जाईल, असे मत अनेकदा मांडले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे वाटते. रक्तवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन ऊतीत जेमतेम १०० ते २०० मायक्रोमीटर, म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीइतकाच पोहोचतो. त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात, मात्र सगळ्याच मरत नाहीत. एरवी तयार होताच नष्ट होणारे एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन त्यांच्यात टिकून राहते आणि व्हीईजीएफ (नव्या रक्तवाहिन्या वाढवणारा), एसडीएफ-१ (पेशींना बोलावणारा) यांसारख्या संदेशवाहक रेणूंची जनुके चालू करते. (ऑक्सिजन ओळखण्याची ही यंत्रणा उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले.)

हे रेणू अस्थिमज्जेतील पेशींना गाठीकडे बोलावून घेतात. उंदरांमधील ग्लायोब्लास्टोमाच्या (मेंदूच्या एका आक्रमक कर्करोगाच्या) प्रयोगांत दिसले की अशा पेशी एमएमपी-९ हे विकर (एन्झाइम) सोडतात आणि त्यामुळे पेशींबाहेरच्या जाळ्यात अडकलेले व्हीईजीएफ मोकळे होऊन नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. या पेशी स्वतः रक्तवाहिनीच्या भिंतीचा भाग होतात की नाही, यावर बराच वाद झाला. माझ्या मते त्यांचे मुख्य काम गवंड्याचे नसून मुकादमाचे आहे. शिवाय त्यांच्यापासून बनलेल्या मॅक्रोफेज (भक्षक) पेशी, गाठीवर चालून येणाऱ्या टी-पेशींचा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा, हल्लाही थोपवतात.

म्हणूनच केवळ व्हीईजीएफ अडवणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाकडून मला फार अपेक्षा नाहीत. नव्याने निदान झालेल्या ग्लायोब्लास्टोमावरील, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याने रोगाची वाढ काही काळ लांबवली, परंतु रुग्णांचे एकूण आयुष्य वाढले नाही.