मदत हवी आहे: पद्मिनीचा मागचा मेन पाटा तुटलाय

गाडी प्रीमियर पद्मिनी, 1985. मागचा डावा मेन पाटा (कमानी स्प्रिंगमधली सगळ्यात लांब, मुख्य पट्टी) पुढच्या डोळ्यापासून (बोल्ट जातो ती टोकाची गोल वळी) बोटभर अंतरावर तुटलाय. तुटीची अर्धी कड गंजून काळी, अर्धी चकचकीत. म्हणजे चीर जुनीच, खड्डा फक्त निमित्त. ॲक्सल तिरका झालाय, त्यामुळे गाडी जागेवरच उभी.

वेल्डिंग सुचवू नका. उष्णतेने पाट्याचं पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरतं आणि शेजारीच पुन्हा तुटतो. दोन्ही बाजूंचे मेन पाटे, पाटे ॲक्सलला आवळणारे चार यू-बोल्ट, पाट्यांची चवड एकत्र धरणारे दोन सेंटर बोल्ट आणि डोळ्यांत बसणारे सगळे रबर बुश नवे घालायचेत. एकच बाजू बदलली तर गाडी कलते. डोळ्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच आवळणार, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसला नवे पाटे मिळतील का? टॅक्सीचे उतरवलेले नकोत, त्यांची कमान दबून सपाट झालेली असते. नसेल तर नमुन्यावरून पाटा बनवून, नीट पाणी देणारा कारागीर कोण?

आणि पुढच्या डोळ्याचा बोल्ट बुशच्या नळीत गंजून जाम आहे. दोन दिवस गंजतेल सोडूनही हलत नाही. पेट्रोलची टाकी मागेच, म्हणून गॅस कटर नको. करवतीचं पातं आत घालायला जागा मिळते का?