ट्रकचं चाक निखळलं, पंचनाम्यात 'चालकाचा निष्काळजीपणा'. खरं कारण कसं शोधायचं?

वाडीवाला:
नमस्कार मंडळी. नागपूरजवळ वाडीत एका ट्रान्सपोर्टकडे गाड्यांचं मेंटेनन्स पाहतो. गेल्या महिन्यात आमच्या दहाचाकीची मागची डावी जोडी बुटीबोरीच्या अलीकडे निखळून थेट कपाशीत गेली. नशिबानं कोणाला लागलं नाही. पोलिसांनी 'भरधाव व निष्काळजीपणे' लिहून घेतलं, आणि मालक म्हणतात नुकसान ड्रायव्हरच्या पगारातून कापा. ड्रायव्हर म्हणतो, आदल्या रात्री त्याच चाकाचं पंक्चर काढलं होतं, गाडी साठच्या आत होती. तुटलेले स्टड, म्हणजे नटानं चाक धरून ठेवणारे बोल्ट, गोणीत भरून ठेवलेत. दोन प्रश्न: नेमकं काहून झालं हे कसं ठरवायचं? आणि पुढची अशी गाडी आधीच कशी ओळखायची?

नटबोल्ट:
ओव्हरलोड असंल, दुसरं काय! पंक्चरवाले पान्याला चार फुटी पाइप लावून वर उभे राहतात, स्टड तिथंच ताणला जाते. उरलेलेही सगळे बदला भाऊ, एक जुना ठेवू नका.

अजनीचे काका:
रेल्वेत कॅरेज-वॅगनमध्ये, म्हणजे डबे-वाघिणींच्या देखभालीत, नोकरी गेली माझी, ट्रक तुमचा विषय. पण लोखंड तुटते ते सारखंच.

पहिलं म्हणजे ते स्टड डिझेलनं धुऊ नका. तुटलेलं तोंड उन्हात तिरपं धरून पाहा. फुटाळा तलावाचं पाणी ओसरलं की काठच्या गाळावर रेघा राहतात, तशा बारीक वळणदार रेघा दिसल्या आणि थोडाच भाग खरबरीत असला, तर तो स्टड बरेच दिवस हळूहळू चिरत होता. सगळं तोंड खरबरीत, चकचकीत आणि दांडा वाकलेला असला, तर तो शेवटी झटक्यात गेला. ज्याच्या तोंडावर गंज-काळोखी जास्त, तो बहुधा आधी तुटलेला. गोणीत टाकल्यानं कोणता कुठला हे गेलं, पण रंग अजून सांगेल.

मग चाकाच्या डिस्कची, स्टड जातात ती भोकं पाहा. लांबट झाली असतील, आत आट्यांचे ओरखडे असतील, तर नट ढिले असताना गाडी चालत होती. डिस्क आणि ड्रमच्या मधे रंगाचा जाड थर आहे का तेही पाहा. तो थर दबला की नट आपोआप सैल पडते.

आता पोलिसांचं. त्यांना गुन्हा कोणाचा ते शोधायचं असते. कारण शोधणं हे वेगळं काम. म्हणूनच रेल्वे अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहेत. २ जून २०२३ चा ओडिशातला बालासोरचा रेल्वे अपघात घ्या, बहनगा बाजारचा. आयुक्तांच्या अहवालात सिग्नलच्या चुकीच्या वायरिंगपाशी गोष्ट थांबत नाही. त्याच खरगपूर विभागात बांकडा नयाबाज स्टेशनला १६ मे २०२२ ला चुकीच्या वायरिंगमुळंच सिग्नल एका मार्गाचा आणि गाडी दुसऱ्या मार्गावर, असा प्रकार झाला होता, आणि तेव्हाच दुरुस्ती केली असती तर हा अपघात झाला नसता, असं त्यात सरळ लिहिलं आहे. तुमची नयाबाज कोणती ते शोधा. मागच्या वर्षभरात किती गाड्यांचे नट रस्त्यात आवळावे लागले, हे कुठं लिहिलेलं आहे काय?

आमच्याकडं गाडी स्टेशनात शिरताना दोन्ही बाजूला माणसं बसायची. लटकतं काय, घासतं काय, आवाज कुठून येते, सगळं पाहायचं. गाडी थांबली की अ‍ॅक्सल बॉक्सला, म्हणजे आसाच्या टोकाच्या पेटीला, हाताची मागची बाजू लावून किती तापली ते पाहायचं. पुढं तापमानाची बंदूक आली, रुळाशेजारी गरम अ‍ॅक्सल ओळखणारी यंत्रं आली. पण हातानं कळलेलं वहीत चढायचं म्हणून त्याला अर्थ होता.

आणि पगार कापणं आधी थांबवा. पुढचा ड्रायव्हर चाक डुगडुगते म्हणून फोनच करणार नाही. मग अंदाज कशावरून बांधाल, पत्रिका पाहून?

मोरभवन स्टॉप:
आपल्या शहरातही हेच चाललं आहे की. २०२१ मध्ये 'आयरास्ते' प्रकल्प आला, त्यात 'आपली बस' या शहर बससेवेच्या गाड्यांना पुढची धडक ओळखणारे कॅमेरे बसवले. इशारे जिथं वारंवार वाजतात ती जागा 'ग्रे स्पॉट', म्हणजे अजून माणसं मेली नाहीत पण मरू शकतात अशी. राष्ट्रीय महामार्गावर ब्लॅक स्पॉट, म्हणजे अपघाताची जागा, ठरायला मात्र ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत ५ गंभीर वा प्राणघातक अपघात, नाहीतर १० मृत्यू लागतात.

वाडीवाला:
काका, पाहिले स्टड. बहुतेकांवर रेघा आहेत, दोघांची तोंडं पार काळी. डिस्कची भोकं अंडाकृती झालीत आणि मधे निळ्या रंगाचा चांगला जाड थर निघाला, दिवाळीत गाडी रंगवली होती तो. म्हणजे एका रात्रीच्या पंक्चरचं हे काम नाही. मालकाला फोटो दाखवले. पगाराचं 'पाहू' म्हणाले, पण टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरानंच नट आवळणारा, घ्यायला तयार आहेत. रंगवलेल्या बाकीच्या गाड्या उद्यापासून जॅकवर घेतो.

नटबोल्ट:
रेघा आहेत म्हणता, तर माझा ओव्हरलोड मागं घेतो. रंग खरवडून काढा, कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कनं आवळा, आणि ५० ते १०० किलोमीटर झाले की पुन्हा पाना लावा. नटावर पिवळे बाणवाले प्लास्टिकचे टोपण मिळतात, तेही बसवा. नट फिरला की बाण फिरते, ड्रायव्हरला चहा पिताना खाली उतरूनही दिसते.

अजनीचे काका:
आणि त्या 'पाहू'चं काय झालं ते इथं लिहा.