शब्दचर्चा : 'टार्गेट ऑडियन्स'ला मराठीत काय म्हणावं?

कोकणातल्या आंबा बागायतदारांसाठी ऑनलाइन जाहिरातींची एक छोटी पुस्तिका मराठीत लिहिते आहे. 'टार्गेट ऑडियन्स', 'टार्गेटिंग' आणि 'निगेटिव्ह कीवर्ड' (म्हणजे जे शब्द शोधणाऱ्याला आपली जाहिरात दाखवायची नसते ते) हे शब्द पानोपानी येतात. 'लक्ष्यित प्रेक्षक' असं लिहून पाहिलं, पण ते कोणाच्या गळी उतरेल असं वाटत नाही. काय सुचवाल?

प्रतिसाद :
'लक्ष्यित प्रेक्षक' नकोच. प्रेक्षक नाटकाला येतात, पेटी मागवतं ते गिऱ्हाईक. सरकारी योजनांमुळे 'लक्ष्यगट' हा शब्द गावोगावी माहीत झाला आहे, तो घ्या. मात्र तो फेसबुक-इन्स्टाग्रामपुरताच ठेवा. तिथे वय, शहर, आवडीनिवडी बघून आपण आधी माणसं निवडतो आणि मग त्यांना जाहिरात दाखवतो, म्हणून तो 'गट'.

गूगलवर शोधताना दिसणाऱ्या जाहिरातीचं तसं नसतं. तिथे मुख्यतः निवडायचे असतात ते समोरच्याने टाइप केलेले शब्द. 'देवगड हापूस पेटी पुणे' असं शोधणारा अठरा वर्षांचा आहे की ऐंशीचा, याने काय फरक पडतो? त्याला आंबा हवा आहे. अशा माणसाला 'लक्ष्यगट' म्हणण्यापेक्षा सरळ 'गरजू गिऱ्हाईक' म्हणा. हे दोन प्रकार पुस्तिकेत वेगळे दाखवलेत तर पैसे कुठे लावायचे ते बागायतदाराला आपोआप कळेल.

'निगेटिव्ह कीवर्ड'साठी माझं मत 'वर्ज्य शब्द'. 'नकारात्मक शब्द' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी वाईटसाईट शब्द असणार. रागात वर्ज्य स्वर असतो, तो स्वर वाईट नसतो, त्या रागात लागत नाही एवढंच. हेही तसंच आहे. 'हापूस कलम' किंवा 'आंबा मोहोर फवारणी' शोधणारा स्वतःच बागायतदार असतो. 'वाशी मार्केट हापूस भाव' शोधणारा बहुधा व्यापारी. ही सगळी भली माणसं, पण तुमची पेटी घेणारी नव्हेत, आणि त्यांच्या प्रत्येक क्लिकचे पैसे मात्र तुमच्या खात्यातून जातात. एक गोष्ट ठळक अक्षरांत छापा : वर्ज्य शब्दांच्या बाबतीत गूगल एकवचन-अनेकवचन स्वतःहून जुळवून घेत नाही. 'कलम' टाकलं तर 'कलमे' वेगळं टाकावं लागतं. शिवाय आपले लोक मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, तेव्हा तीही रूपं टाकायला हवीत.

प्रतिसाद :
'टार्गेटिंग'ला 'हेरणं' कसं वाटतं? 'गिऱ्हाईक हेरणं' बाजारात पूर्वीपासून आहे.

प्रतिसाद :
आहे, पण त्याला फसवणुकीचा वास येतो. 'त्याचं गिऱ्हाईक केलं' याचा अर्थ आपण सगळेच जाणतो. मी 'रोख' सुचवेन. 'जाहिरातीचा रोख मुंबई-पुण्याच्या घरगुती ग्राहकाकडे ठेवा.' वाक्यात किती सहज बसतो बघा. पैशांच्या रोखीशी घोळ होईल तिथे 'ग्राहकनिवड' लिहावं.

आणि 'लोकेशन टार्गेटिंग'चं नुसतं 'ठिकाण' करून थांबू नका. गूगलवर पुणे निवडलं की मूळ सेटिंगनुसार पुण्यात असलेले आणि पुण्यात रस असलेले, असे दोघेही त्यात येतात. म्हणजे इंदुरात बसून पुण्याची माहिती काढणाऱ्यालाही जाहिरात दिसू शकते. पिकलेली पेटी तिथवर पाठवणार नसाल तर 'रस असलेले' वगळायला हवेत. 'वास्तव्य' आणि 'रस' असे दोन शब्द शेजारीशेजारी द्या.

फेसबुकच्या 'भाषा' या खान्याबद्दलही एक ओळ हवी. तिथे 'मराठी' निवडल्यावर घरात मराठी बोलणारी माणसं मिळतात, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात मुख्यतः ॲपची भाषा मराठी ठेवणारे मोजले जातात, आणि आपल्यापैकी कितीतरी जण मोबाइल इंग्रजीतच वापरतात. आंब्यासाठी तो खाना मोकळा सोडलेला बरा.

मूळ प्रश्नकर्ती :
'वर्ज्य शब्द', 'रोख' आणि 'वास्तव्य' तिन्ही घेते. 'गरजू' म्हटलं की मदत मागणारा डोळ्यांपुढे येतो, म्हणून तिथे 'शोधत आलेलं गिऱ्हाईक' लिहीन. पडद्यावरची बटणं मात्र इंग्रजीतच आहेत, त्यामुळे प्रत्येक प्रकरणात पहिल्यांदा 'निगेटिव्ह कीवर्ड म्हणजे वर्ज्य शब्द' असं लिहून पुढे फक्त मराठी शब्द चालवते. 'रिटार्गेटिंग' अजून राहिलंच आहे. साइटवर येऊन पेटी न घेता गेलेल्यांना पुन्हा जाहिरात दाखवणं, यासाठी 'पाठलाग' फार आक्रमक वाटतो. 'फेरआठवण' चालेल का?