ताईची प्रिन्स्टनची फेलोशिप, जे-वन आणि दोन वर्षांचा नियम – अर्जंट

प्रेषक: म. जो., एडिसन (रवि. २८ सप्टें. २०२५)

नमस्कार मंडळी,

आमच्या ताईला ओळखताच, मार्चमध्ये मोडीचं सत्र तिनेच घेतलं होतं. ती प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीला, हिस्टॉरिकल स्टडीजमध्ये, २०२६-२७ साठी अर्ज करतेय. शेवटची तारीख १५ ऑक्टोबर. टिपण जवळजवळ तयार आहे, पण काल तिच्या विभागात कुणीतरी सांगितलं की तू फुलब्राइटवर (अमेरिकन सरकारच्या शिष्यवृत्तीवर) जाऊन आलीस, आता दोन वर्षं अमेरिकेचं नाव काढू नकोस. रात्री फोन आला तेव्हा तिचा आवाज एवढा पडलेला की मला झोपच लागली नाही. २४ वर्षं शिकवतेय, विभागप्रमुखपदाचं ओझं आत्ता उतरलंय, आणि पहिल्यांदा स्वतःच्या पुस्तकासाठी वेळ मागतेय.

खरं आहे का हे? दुसरं म्हणजे राहायला ती आमच्याकडेच येईल, बेसमेंट रिकामंच आहे, तर घर नको असं आधीच कळवलं तर निवडीला मदत होईल का?

म.

प्रेषक: व. के., पार्सिपनी

म., दुर्दैवाने खरं आहे. टू इयर होम रेसिडेन्सी, म्हणजे मायदेशी दोन वर्षं राहायची अट. मी १९९४ ला जे-वनवर, म्हणजे शैक्षणिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर, आलो तेव्हा याच नियमाने माझे आठ महिने खाल्ले. दूतावासाच्या ना-हरकत पत्रासाठी रोज पोस्टाची पेटी उघडून बघायचो, लग्नाची तारीख पुढे ढकलावी लागली. भारतातल्या बहुतेक सगळ्या विषयांना हा नियम लागतो. ताईंना म्हणावं वेव्हरच्या (नियमातून सूट) मागे लागा, नाहीतर दोन वर्षं थांबा.

व. के.

प्रेषक: शि. दे., प्लेन्सबरो

काका, तुमचा अनुभव खरा आहे पण इथे दोन वेगळे नियम एकमेकांत मिसळलेत, आणि दोन्हीत "दोन वर्षं" आहे म्हणून सगळ्यांचाच गोंधळ होतो. मी १२ वर्षं व्हिसाचंच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काका म्हणतात तो २१२(ई), इमिग्रेशन कायद्याचं कलम. त्यातली स्किल्स लिस्ट (कुठल्या देशाच्या कुठल्या विषयांना तो लागतो याची यादी) डिसेंबर २०२४ मध्ये बदलली आणि भारताचं नाव त्यातून निघालं, त्यामुळे नुसत्या विषयामुळे आता तो भारतीयांना लागत नाही. फुलब्राइटला मात्र सरकारी पैसा असतो, म्हणून ताईंना तो अजूनही लागू आहे. पण तो अडवतो कशाला? एच व्हिसा, एल व्हिसा (दोन्ही नोकरीचे), ग्रीन कार्ड. दुसऱ्या जे-वनला तो अडवत नाही.

ताईंना अडवू शकतो तो २४ महिन्यांचा बार. जे-वनवर "रिसर्च स्कॉलर" किंवा "प्रोफेसर" म्हणून आलात आणि तो प्रोग्रॅम संपला, की पुढचे २४ महिने त्या दोन कॅटेगरीत परत येता येत नाही. पाच वर्षं राहिलात काय नि पाच महिने राहिलात काय, बार तेवढाच. त्याच जागी "शॉर्ट-टर्म स्कॉलर" म्हणून आला असाल तर हा बार लागतच नाही.

म्हणजे सगळं एका कागदावर अडलंय. ताईंचा डीएस-२०१९ (जे-वनसाठी संस्था देते तो फॉर्म) काढा, चौथ्या रकान्यात कॅटेगरी लिहिलेली असते आणि तिसऱ्यात तारखा. तो बघितल्याशिवाय कुणीच काही सांगू नये.

शि.

प्रेषक: नवागत समिती

सर्वांना विनंती की व्हिसाचे प्रश्न नवागत समितीच्या पत्त्यावर पाठवावेत. ती सोय सहा वर्षांपासून आहे आणि उत्तरं नेमाने दिली जातात. इथे फराळाच्या ऑर्डरींचा धागा खाली जातोय, चकलीचे आकडे शुक्रवारपर्यंत हवे आहेत.

प्रेषक: व. के., पार्सिपनी

शि., स्किल्स लिस्टचं मला खरंच माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंस. इतकी वर्षं मी सगळ्यांना तेच सांगत आलो. पण मग एच-वन का नाही?

प्रेषक: शि. दे., प्लेन्सबरो

काका, एच-वनला २१२(ई) आडवा येतोच, मे अखेरपासून मायदेशातली दोन वर्षं भरायला हवीत. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून भारतातून नव्याने येणाऱ्याच्या एच-वन पिटिशनवर १ लाख डॉलरचा आकार लागलाय. तो रस्ता नको.

समितीला: चकली माझी २ किलो लिहा. पण हा प्रश्न इथेच राहू द्या, निम्म्या घरांत कुणी ना कुणी जे-वनवर येणारं असतं.

प्रेषक: अ. पा., वेस्ट विंडसर

एक सांगू का, ही इन्स्टिट्यूट म्हणजे प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी नव्हे. १९३० साली निघालेली स्वतंत्र संस्था, तिथे वर्ग नाहीत, विद्यार्थी नाहीत, पदव्या नाहीत. ताईंनी अर्जात "तुमच्या विद्यापीठात" असं कुठे लिहिलं असेल तर आधी ते काढा. आइनस्टाइन १९३३ पासून शेवटपर्यंत इथेच होते हे सगळे सांगतात, पण आपले दामोदर कोसंबीही १९४९ मध्ये इथे येऊन राहिले होते हे कुणी सांगत नाही! गोव्यात जन्मलेला, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेला आणि नाण्यांची वजनं तोलून इतिहास लिहिणारा माणूस. मला त्या हिरवळीवरून चालताना दर वेळी त्यांची आठवण येते.

आता बेसमेंटबद्दल. म., तुझा जीव मोठा आहे पण हे करू नकोस. ह्यांच्या वर्षभराच्या मेंबरशिपमध्ये आम्ही आइनस्टाइन ड्राइव्हवर राहिलो, मार्सेल ब्रॉयर या वास्तुकाराने आखलेली घरं, भाडं द्यावं लागतं पण दारातून निघालं की सात मिनिटांत ऑफिस. दुपारी तीनला फुल्ड हॉलमध्ये, म्हणजे मुख्य इमारतीत, चहा. तिथे एकदा ह्यांच्या शेजारी मध्ययुगीन युरोपवाल्या एक बाई बसल्या, कपातला चहा गार होईपर्यंत पेपर नॅपकिनवर आकृत्या काढत बोलत होत्या दोघं, तो नॅपकिन अजून आमच्याकडे डब्यात आहे. रहिवासी फेलोशिप म्हणतात ती याच्यासाठी. एडिसनहून रोज रूट वनवर गाडी काढली तर ताई चारलाच निघायच्या तयारीत असतील, आणि संध्याकाळी तुमच्याकडे आल्या की पाहुणे, फोन, स्वयंपाक. इतक्या वर्षांनी बाईला स्वतःचं टेबल मिळतंय, ते मिळू द्या. शनिवार-रविवार आणा घरी.

अ.

प्रेषक: म. जो., एडिसन

अ. ताई, वाचून गप्प झालो. बायकोही हेच म्हणत होती. बेसमेंटचा विषय संपला.

ताईने डीएस-२०१९ ची पीडीएफ पाठवली. चौथा रकाना: रिसर्च स्कॉलर. तारखा ६ जानेवारी ते ३० मे २०२५. फक्त पाचच महिने होती हो. शि., आता?

प्रेषक: शि. दे., प्लेन्सबरो

म., वाईट वाटलं. पाच महिन्यांसाठी शॉर्ट-टर्म लिहिलं असतं तर आज प्रश्नच नव्हता. जाणाऱ्याला कुणी हे विचारतही नाही, आणि विचारायचं असतं हे त्याला माहीत नसतं.

हिशोब असा: बार ३० मे २०२७ पर्यंत. सप्टेंबर २०२६ ला रिसर्च स्कॉलर म्हणून येता येणार नाही. पण हिस्टॉरिकल स्टडीजला एका टर्मसाठीही अर्ज करता येतो. पहिली टर्म सप्टेंबर ते डिसेंबर, सहा महिन्यांच्या आत, म्हणजे शॉर्ट-टर्म स्कॉलरमध्ये बसते, आणि त्या कॅटेगरीला हा बार नाही. फक्त ती सहा महिन्यांपुढे वाढत नाही, तेव्हा "आधी येऊ, मग वसंताची टर्म जोडू" हे डोक्यातून काढा. नाहीतर सरळ पुढच्या ऑक्टोबरमध्ये २०२७-२८ साठी पूर्ण वर्षाचा अर्ज. इन्स्टिट्यूटच्या व्हिसा बघणाऱ्या ऑफिसला उद्याच मेल टाका, पीडीएफ जोडा, शॉर्ट-टर्म द्याल का असं स्पष्ट विचारा. त्यांचा होकार लेखी हवा.

प्रेषक: र. गो., ईस्ट ब्रन्सविक (सध्या पुणे)

रजेचंही बघा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत असोसिएट प्रोफेसर किंवा प्रोफेसर म्हणून सात वर्षं झाल्यावर सबॅटिकल मिळू शकते, एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष. ताई बसतात त्यात. पण फाइल टेबलावरून टेबलावर फिरते, मी आमच्या घरात एका सहीसाठी चार महिने गेलेले पाहिलेत. निवडीचं पत्र यायची वाट बघू नका, विभागात आत्ताच तोंडी सांगून ठेवा.

आणि टिपणाचं: त्या स्कूलमध्ये ग्रीस-रोम, मध्ययुगीन युरोप, इस्लामी जग, पूर्व आशिया, कला-इतिहास असे प्राध्यापक आहेत, दक्षिण आशियाचा स्वतंत्र प्राध्यापक नाही. पेशवे दफ्तर, चौथाई, सरदेशमुखी हे पहिल्याच परिच्छेदात न समजावता आलं तर वाचणारा तिथेच थांबेल. कागद कुठला, त्यातून कुठला प्रश्न सुटतो, तो ग्रीसवाल्याला का महत्त्वाचा, हे आधी.

प्रेषक: नवागत समिती

शि. ताईंचं उत्तर आम्ही समितीच्या माहितीपत्रकात घेऊ इच्छितो, त्यांची परवानगी असल्यास. आमच्याकडे स्किल्स लिस्टचं जुनंच होतं.

चकली: १४ घरांचे आकडे अजून बाकी.

प्रेषक: म. जो., एडिसन

शि., अ. ताई, र. काका, सगळ्यांचे मनापासून आभार. ताईशी आत्ता बोललो. एकाच टर्मचा अर्ज करायचं ठरलंय. सासूबाई ७८ च्या आहेत, चार महिन्यांचं तिला घरी सांगणंही सोपं जाईल. ऑफिसला मेल गेला. टिपणाचा पहिला परिच्छेद ती आज रात्री पुन्हा लिहितेय, "चौथाई" आता तिसऱ्या पानावर गेली म्हणाली.

इतिहासातलं काही न कळणारं पण इंग्रजी चांगलं वाचणारं कुणीतरी हवंय, शनिवारी तासभर. मी वाचलं तर मला सगळंच आवडतं.

आणि चकली १ किलो, चिवडा २.

म.