मदत हवी आहे: फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय मेडिकल स्टुडंटसाठी

नमस्कार मंडळी,

मी फार्मासिस्ट आहे, फिलाडेल्फियात. शहराच्या उत्तर भागातल्या एका सलूनमध्ये आम्ही काही जण महिन्यातून दोन शनिवारी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा रक्तदाब तपासतो. कल्पना आमची नाही. लॉस एंजेलिस भागात कृष्णवर्णीयांच्या 52 सलूनमध्ये असा प्रयोग झाला होता, 2018 मध्ये तो छापून आला. जिथे फार्मासिस्टने दुकानातच औषधं दिली, तिथल्या गिऱ्हाइकांचा वरचा दाब सहा महिन्यांत सरासरी 27ने उतरला. ते वाचून मी यात पडले.

आमच्याबरोबर एक कृष्णवर्णीय मुलगी येते. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, याच वस्तीत वाढलेली. मागच्या महिन्यात एका काकांचा दाब 178/104 आला. मी गोळ्यांचं विचारलं तर "घेतो की" म्हणून त्यांनी विषय मिटवला. मग ही शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली. काकांनी तिला निरखून पाहिलं आणि विचारलं, "तू चर्चमधल्या त्या बाईंची नात ना?" पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. काका बस चालवतात. लघवीची गोळी घेतली की रूटवर कुठे थांबायची सोय नाही, म्हणून ड्यूटीच्या दिवशी गोळी बंद. हिचे वडीलही बस चालवायचे, म्हणून तिने नेमकं तेच विचारलं. आम्ही त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी बदलून दिली. इतकी वर्षं काउंटरवर उभी आहे, मला हा प्रश्न सुचला नव्हता.

अमेरिकेत कृष्णवर्णीय लोक साधारण 13 टक्के, डॉक्टरांमध्ये मात्र 6 टक्क्यांच्या आसपास. मेडिकल कॉलेजांची पाहणी करणाऱ्या 1910च्या फ्लेक्सनर अहवालानंतर त्यांच्या सात मेडिकल कॉलेजांपैकी पाच बंद पडली, हॉवर्ड आणि मेहॅरी तेवढी टिकली. आपल्या आनंदीबाई 1886 मध्ये ज्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या, तिथेच पुढे एलायझा ग्रायर शिकली. गुलामीत जन्मलेली. एक वर्ष कापूस वेचून पैसे जमवायचे, एक वर्ष शिकायचं, असं करत 1897 मध्ये तिने पदवी घेतली. हे नाव मी इथे आल्यावर पहिल्यांदा ऐकलं.

आता मूळ मुद्दा. या मुलीला फॅमिली मेडिसिन करून इथेच राहायचं आहे. सप्टेंबरमध्ये रेसिडेन्सीचे, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाचे, अर्ज. आपल्या मुलांना अशा वेळी कोणी ना कोणी डॉक्टर मामा-काका सापडतोच. हिच्या घरात कॉलेजला गेलेली हीच पहिली. मध्यंतरी वॉर्डात पांढरा कोट घालून गेली, तर पेशंटच्या नातेवाइकांनी जेवणाचा ट्रे तिच्या हातात दिला. हे तिने मला सांगितलं तेव्हा आवाज अगदी शांत होता. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

जाणकारांनी कृपया सांगावं:

आमचं मराठी मंडळ थोडी रक्कम द्यायला तयार आहे. पण बाहेरची स्कॉलरशिप मिळाली की कॉलेज तेवढीच स्वतःची मदत कापतं, असं ऐकलंय. मग पैसे कशा रूपात द्यावेत? परीक्षा आणि अर्जांची फी परस्पर भरली तर चालतं का?

रेसिडेन्सीच्या मुलाखती घेतलेलं कोणी आहे का इथे? ऑनलाइन एक-दोन सराव मुलाखती घ्याल का? मला त्यातलं काही कळत नाही.

बाल्टिमोरमध्ये ऑगस्टचे चार आठवडे तिला रोटेशनसाठी, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलात काम शिकायला, राहायचं आहे. कोणाकडे खोली असेल तर भाडं मी देईन.

तिच्या धाकट्या भावालाही मेडिकलला जायचं आहे. 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज बंद, आणि फेडरल कर्ज वर्षाला 50,000 डॉलरपर्यंतच. खाजगी कर्जाला को-सायनर (जामीनदार) लागतो, तो त्यांच्याकडे नाही. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर या सरकारी योजनेची स्कॉलरशिप कोणी घेतली असेल तर अनुभव लिहा. फी भरतात आणि डॉक्टर कमी असलेल्या भागात काही वर्षं काम करायचं असतं, एवढं वाचलंय.

येत्या शनिवारी ती सलूनमध्ये भेटणार आहे. त्याआधी काही कळलं तर फार बरं होईल.