बागेतला गोल जाळ्याचा कोळी कशावरून ओळखता?

पाऊस ओसरला की परड्यात, जास्वंदीवर, सोयाबीनच्या बांधाला चाकासारखी जाळी दिसू लागतात. तुमच्या गावाकडं कुठला कोळी कशावरून ओळखता, ते लिहा. नुसता रंग नको. जाळं, वेळ, बसायची ढब सांगा.

टिळकवाडी, बेळगाव
रंगावर गेलात की फसलात. भर दिवसा जाळ्याच्या मधोमध, डोकं खाली आणि पाय जोडी-जोडीनं जुळवून फुलीसारखा बसलाय? तो सिग्नेचर कोळी, म्हणजे अर्जिओपे. जाळ्यातली फुलीसारखी पांढरी नागमोडी नक्षी बघून लोक नाव ठरवतात, तिथंच चूक होते. तिच्या चारही भुजा असतीलच असं नाही, कधी एखादीच असते, कधी काहीच नसतं. पिल्लं तर गोल चकती विणतात. अर्जिओपेतल्या अनासुजा जातीची मादी साधारण १ सेंटिमीटर, नर त्याहून कितीतरी बारीक आणि तपकिरी. कडेला बसलेला तो नर वेगळी जात म्हणून नोंदवला जातो. तोंडाजवळच्या दोन आखूड स्पर्शिका गोळीसारख्या फुगलेल्या दिसल्या तर तो वयात आलेला नर.

येळ्ळूर
रात्री जाळं, सकाळी गायब, असं असेल तर बहुधा निओस्कोना. जुनं जाळं गिळून तो दिवसा दुमडलेल्या पानात बसतो. अरेनियसशी याची गल्लत होते. दहापट भिंगातून पाठीचा पुढचा भाग बघा: मधली खाच अंगाच्या लांबीला समांतर असेल तर निओस्कोना, आडवी असेल तर अरेनियस.

जांबोटी
इकडं रानाच्या कडेला नेफिला हा मोठा कोळी. मादीचं नुसतं अंगच ३ ते ५ सेंटिमीटर, आणि उन्हात तिरकं बघितलं की धागा सोनेरी दिसतो. टणक पाठ आणि कडेला सहा काटे असले तर गॅस्टरकँथा.

निपाणी
फोटोसाठी बाटलीनं बारीक फवारा, एक-दोनदाच. जास्त पाण्यानं धागे एकमेकांना चिकटतात. पीठ किंवा पावडर मारू नका, जाळ्याचा चिकटपणा जातो आणि कोळी उपाशी राहतो. मागं काळं कापड धरा. पाठ आणि पोट, दोन्ही बाजूंचे फोटो हवेतच. मापाची पट्टी कोळ्याच्याच पातळीत धरा. कॅमेऱ्याकडं पुढं आली तर कोळी आहे त्याहून लहान भरतो. निओस्कोनाच्या जाती पोटाखालचा जननभाग सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच ठरतात, म्हणून फोटोवरून 'निओस्कोना, मादी' एवढंच लिहा. सोबत तारीख, वेळ, झाड आणि जमिनीपासूनची उंची.