सिद्दींच्या बाजूनं उभं राहायचं म्हणजे नक्की काय करायचं?

खानापूरकर: परवा बेळगावच्या बसमध्ये कॉलेजच्या दोघा पोरांनी पुढच्या सीटवरच्या सिद्दी मुलीला विचारलं, "कुठली गं तू, आफ्रिकेची काय?" मागं न बघता ती म्हणाली, "खानापूरची. तू?" अख्खी बस हसली. मीही हसलो आणि गप्प बसलो.
२०२० मध्ये मिनियापोलिसला पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडचा जीव घेतला, तेव्हा निषेध म्हणून प्रोफाइलला काळा चौकोन लावणारा मीच. आणि आफ्रिकेतून पोर्तुगीजांनी गुलाम करून आणलेल्यांचे वंशज, हे सिद्दी, आपल्याच तालुक्याच्या रानात राहतात, त्यांच्यासाठी काय केलं? शून्य. माझं मत: चौकोन राहू दे, बसमध्ये तोंड उघडा.

टिळकवाडीकर: वर्णभेद अमेरिकेत, आपल्याकडं जात. तिकडचं इकडं चिकटवू नका. १९५६ ला बेळगाव कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) घातलं, तेव्हापासून आपल्यावरच अन्याय चाललाय, दर १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतोय. आधी ते बघा की.

शहापूरची सून: काळा दिन पाळणाऱ्याला दुसऱ्याचं दुखणं आधी कळायला पाहिजे नव्हं? बाळ जरा सावळं निघालं की डाळीचं पीठ चोळत बसतो आपण. म्हणे अमेरिकेत!

निपाणीकर: बसमध्ये ओरडून तुम्ही हिरो व्हाल, लोक बघत बसतील तिच्याकडं. तिनं दिलं होतं की उत्तर, चांगलं सणसणीत. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या वेळी, १९२७ ला, ब्राह्मणेतर चळवळीतले जेधे-जवळकर म्हणाले, ब्राह्मणांना वगळा, मग आम्ही येतो. बाबासाहेबांनी ती अट मानली नाही. मनुस्मृती जाळायचा ठराव तर ब्राह्मण असलेल्या सहस्रबुद्ध्यांनी मांडला. सोबत या, पण लढाई कशी लढायची ते ज्याची आहे त्याला ठरवू द्या.

हल्याळचा मास्तर: उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीत २००३ ला घेतलं. बेळगाव-धारवाडच्यांना २०२० उजाडलं. मधली सतरा वर्षं जिल्ह्याच्या हद्दीअलीकडं चुलत्याच्या पोराला दाखला, पलीकडं पुतण्याला नाही.
पुढं दोन सिद्दी पोरं जमातीच्या दाखल्यासाठी एका कचेरीत गेली. तीनदा परत पाठवली, दर वेळी नवा कागद. चौथ्यांदा मी नुसता शेजारी उभा राहिलो, तर पाच मिनिटांत अर्ज घेतला. साहेब सगळं माझ्याशीच बोलला, पोरांकडं बघितलंसुद्धा नाही. काम झालं, पण मला अजून खुपतंय ते.

टिळकवाडीकर: पण त्यांच्या बोलीत मराठी, कोकणी आहेच की. मग आपलेच धरा त्यांना, वेगळं कशाला?

शहापूरची सून: शिरगणतीपुरते आपले! लग्नाच्या पंगतीत कधी शेजारी बसवलंय?

खानापूरकर: निपाणीकर, तुमचं पटलं, पण अर्धंच. त्या दोघांतला एक माझा पुतण्या. त्याचा कान धरायला तिला कशाला विचारायला पाहिजे होतं?

हल्याळचा मास्तर: मग घरी तरी धरला काय?

खानापूरकर: विषय काढला. वहिनी म्हणाली, "पोरगं आहे, चेष्टा केली असंल." पुढं माझं तोंड उघडलं नाही.